मत मिळणार नाही, तरी बोलायचंय

रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी ज्याच्याशी भांडले, त्याच्याच नावापुढे आदल्या दिवशी मी लाल पेनाने ठसठशीत फुली मारली होती... पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर आणखी दोन वाक्यं ऐकवली असती.

झालं असं, की आमच्या खारशेत गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागलेली आणि माझी आई, गुणवंती, आमच्या वॉर्डातून उभी. मी रत्नागिरीत औषधांच्या दुकानात काउंटरला असते. ड्यूटी संपवून पळत पळत झेरॉक्सला आले, कारण वॉर्डाच्या मतदारयादीच्या चार प्रती मला सहाच्या गाडीआधी हव्या होत्या. आणि मशीनपुढे एक उंच मुलगा कोपर टेकून असा उभा, जणू दुकान त्याच्या मामाचं आहे. निळा शर्ट, नखांत लाल माती, आणि चेहऱ्यावर कसलीही घाई नाही.

"अहो, लवकर आटपा ना जरा. माझी गाडी आहे."

"माझीही आहे," तो म्हणाला. "फरक एवढाच, की माझी मी म्हणेन तेव्हा सुटते." आणि बाहेर उभ्या बाइककडे बोट दाखवलं.

"मग तर तुम्हीच थांबायला हवं."

"थांबलोही असतो. पण विनंती अशी दम दिल्यासारखी करतात का कुणी?"

"मी दम दिलेला तुम्ही अजून ऐकलाच नाहीये!"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं... आणि मग हसून एक पाऊल बाजूला झाला. "या. आधी तुम्ही. नाहीतर गाडी चुकेल आणि त्याचंही खापर माझ्यावर." मला उगाचच गाल गरम लागायला लागले. म्हटलं, मशीनची धग असेल.

तेवढ्यात लाइट गेली. अंधारात दुकानदाराने चाचपत चाचपत काउंटरवरचे गठ्ठे आमच्या हातात कोंबले, मी माझा उचलला आणि पळाले ती थेट गाडीत. पाय दुमडून खिडकीशी बसले, गठ्ठा उघडला. पहिलं पान तेच होतं, खारशेत, वॉर्ड क्रमांक दोन. पण आतली अक्षरं माझी नव्हती.

आता आमची पद्धत सांगते. निवडणुकीत प्रत्येक पॅनेल यादीवर खुणा करतं. आपल्या माणसापुढे बरोबर, त्यांच्या माणसापुढे फुली, आणि जो दोन्हीकडचा चहा पितो त्याच्यापुढे गोल. आमचं पॅनेल छत्रीचं, त्यांचं कपबशीचं. आमचा मच्छीमारांचा खारवीवाडा छत्रीला, वरचीवाडी कपबशीला, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. आणि या वर्षी तर भांडण पार विकोपाला गेलेलं, ते तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावरच्या शेडवरून.

ती शेड प्रवाशांसाठी बांधलेली. पण सकाळी दहापर्यंत आमच्या वाड्यातल्या सहा जणी तिथे पाट्या मांडून मासे विकतात, कारण अख्ख्या रस्त्याला दुसरी सावली नाही आणि उन्हात बांगडा तासाभरात मऊ पडतो. वरच्यावाडीची माणसं तिथेच एस.टी.ची वाट बघतात. कपबशीच्या पत्रकावर पहिलंच वाक्य होतं, "तिठ्यावरची शेड मासेविक्रीपासून मोकळी करू." बाबा गेल्यापासून आमचं घर त्या शेडमधल्या दोन हात जागेवर चाललं होतं. माझं बी.कॉम.सुद्धा तिथेच झालं म्हणायला हरकत नाही. जागा गेली तर आईने बसायचं कुठे? म्हणून तर चार माणसांत तोंड न उघडणारी माझी आई उभी राहिली होती. आणि म्हणून वरच्यावाडीतल्या एकूण एक नावापुढे मी फुल्या मारल्या होत्या. नाकं मुरडणारी मेली, असं माझं स्वच्छ मत होतं.

आणि या गठ्ठ्यात एकही फुली नव्हती. प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं.

"धोंडू – गुडघे गेलेत. उभं राहवत नाही. शेडमधल्या बाकावर पाट्या असतात."

"सानवी – नर्सिंगची परीक्षा होती. पांढऱ्या युनिफॉर्मवर माशाचं पाणी सांडलं. तसंच जावं लागलं. वर्गात हसले. घरी येऊन रडली, कुणाला सांगितलं नाही."

आमच्या वाड्यातलीही नावं होती. "कमलाबाई – दोन वर्षांपूर्वी उन्हात विकताना चक्कर आली. तेव्हापासून उन्हाची भीती."

मी पानं उलटत गेले. गाडी माझा थांबा सोडून पुढे मालगुंडला गेली असती तरी मला कळलं नसतं. आणि मग माझं नाव आलं. रुचिरा, वय चोवीस. पुढे सहाच शब्द... मी मोजले, एकदा नाही, दहादा.

"मत मिळणार नाही. तरी एकदा बोलायचंय."

खाली पानाच्या कोपऱ्यात मालकाचं नाव. स्वरूप. म्हणजे गंगाकाकींचा पुतण्या! दापोलीहून शिकून आलेला, कलमांची नर्सरी टाकलेला. आणि गंगाकाकी म्हणजे कोण? आईच्या विरुद्ध उभी असलेली कपबशीची उमेदवार. त्याला मी आजवर हेल्मेटसकटच पाहिलेलं, चेहरा कुठला ओळखणार! आणि माझी यादी आता त्याच्याकडे होती. फुल्यांसकट. अरे देवा... त्याच्या नावापुढे मी लिहिलं होतं, "घमेंडखोर."

दुसऱ्या दिवशी रविवार. दहा वाजता तिठ्यावर गिऱ्हाईक ओसरलं आणि बाइक येऊन थांबली. त्याने माझा गठ्ठा काढला, पण हातात काही दिला नाही.

"घमेंडखोर," तो म्हणाला. "फुली. आणि त्याच्या पुढे, बोंबील दोन वाटे."

"ते... ते आईचं आहे. कुणाकडे काय मासळी पोचवायची ते मी त्याच यादीवर लिहिते. कागद कशाला फुकट घालवायचा?"

"कळलं ते. तेच तर सांगायचंय." तो पानं चाळत म्हणाला. "धोंडूकाका, फुली, बांगडे चार. सानवीचं घर, फुली, कोळंबी वाटा. आमची काकी, दोन फुल्या, एक पुरली नाही वाटतं... आणि सुरमईच्या चार तुकड्या. रुचिरा, तू जेवढी माणसं त्यांची म्हणून खोडलीस ना, त्या सगळ्यांच्या चुलीवर तुझ्या आईची मासळी शिजते."

 मी समोरच्या पाटीवर उगाच पाणी शिंपडलं.

"मग मासे आमचे चालतात आणि आम्ही चालत नाही, असं का?" मी फणकारले.

"बघ, हे तू मला विचारतेयस. त्यांना विचारलंस कधी?"

"तुम्ही... तू विचारलंस?"

"मी काकीसाठी मत मागायला गेलो होतो. पण घरात बसलं की माणसं मताचं बोलतच नाहीत गो. कुणी गुडघ्याचं बोलतं, कुणी मुलीचं. मग मी मागायचं सोडलं आणि लिहायला लागलो." त्याने माझा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "असं करूया. तू वरच्यावाडीत जा, मी खारवीवाड्यात. तीन तीन घरं. मत मागायचं नाही, आपली बाजू मांडायची नाही. फक्त ऐकायचं."

"आणि मला बोलायचं झालं तर?"

"तुला बोलायचं होणारच," तो म्हणाला. "तेवढं राखून ठेव. मला सांग."

आणि गेला, बाइकला किक मारून! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि समोर आई बोंबील साफ करता करता माझ्याकडे बघत होती. "काय गो, ऊन लागलं काय तुला?"

मी गेले वरच्यावाडीत. वाटलं होतं, दारातूनच परत पाठवतील. धोंडूकाकांनी खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं, आणि म्हणाले, "गुणवंतीच्या बांगड्यासारखा बांगडा नाय हो कुणाकडे. तिला उठवा म्हणून मी कधी म्हटलं? मला टेकायला हात दीडहात बाक हवाय. बाक मागितला, तर पॅनेलवाले म्हणाले शेड मोकळी करू. बरं, करा म्हटलं."

सानवी मात्र बोलेचना. मी आपली बसून राहिले. ऐकायचं म्हणजे किती त्रास असतो ते मला त्या अर्ध्या तासात कळलं. मग हळूहळू तिने सगळं सांगितलं... तो युनिफॉर्म, तो वर्ग. कुणाची पाटी होती विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे ना ताई." मी पुन्हा विचारलं. तिने मान खाली घातली. आईची होती. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! याच मुलीच्या नावापुढे मी फुली मारून मोकळी झाले होते.

तिकडे स्वारी कमलाबाईंच्या अंगणात. कमलाबाई आमच्या वाड्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, त्यांनी साहेबांना नुसतं बसू दिलं नाही. "ऐकायला आलास ना? मग हात चालव," म्हणून पुढ्यात कोळंबीचा ढीग आणि विळी. संध्याकाळी मी वरच्यावाडीतून उतरले तेव्हा त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"दाखव," मी म्हटलं.

"काही नाही, जरासं..."

"दाखव म्हणते ना!" पर्समध्ये औषधाच्या दुकानातली पट्टी होतीच. मी त्याचा हात हातात घेतला. लाल मातीचा आणि कोळंबीचा, दोन्ही वास एकदम आले. तो अगदी शहाण्यासारखा उभा होता, श्वास रोखून. पट्टी लावून झाली तरी मी हात सोडला नव्हता, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"तुझ्या वाड्यातल्या बायकांना शेड नकोय," तो घाईघाईने म्हणाला. "त्यांना सावली हवीय. पाण्याचा नळ हवाय."

"तुझ्या वाडीला आम्ही नको असं नाही," मी म्हणाले. "त्यांना बाक हवाय. आणि कोरडी जमीन."

आम्ही दोघंही तिठ्याकडे बघायला लागलो. शेडची मागची भिंत, आणि भिंतीमागे मोकळं कातळ. त्याच भिंतीला पाठ लावून दुसरी शेड उभी राहिली तर? इकडे रस्त्याकडे तोंड करून प्रवासी, तिकडे मागच्या बाजूला मासेवाल्या. त्यांचा नळ, त्यांचं गटार, त्यांची सावली वेगळी. हे इतकं सोपं होतं, की मला हसूच फुटलं.

"पण ते कातळ कुणाचं?" मी विचारलं.

त्याने डोकं खाजवलं. "काकीचं."

घ्या! आईला हरवायला उभ्या राहिलेल्या बाईकडे आईसाठी जागा मागायची. आमच्या पॅनेलचे प्रमुख बाळाकाका ऐकून ताडकन उठले. "रुचिरा, उद्या पाचला प्रचार संपतो आणि तू तह करायला निघालीस? त्या पोराने भुलवलीन तुला!" तिकडे स्वरूपलाही म्हणे फितूर म्हणून झालं.  आईला मी सानवीचं सांगितलं होतं, तेव्हापासून ती पाटी घासत बसली होती.

शेवटच्या दिवशी सकाळी तिठ्यावर आईची पाटी मांडलेली, एस.टी.ला वेळ होता, आणि स्वरूप गंगाकाकींना घेऊन आला. तेवढ्यात नोव्हेंबरात न शोभणारी एक अवकाळी सर धाडधाड कोसळली. रस्त्यावरचे सगळे शेडमध्ये घुसले. सहा मासेवाल्या, धोंडूकाका, सानवी, बाळाकाका, छत्रीवाले, कपबशीवाले... पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की भांडायचं म्हटलं तरी ऐकू गेलं नसतं.

आणि माझी आई उठली. बाकावरची पाटी उचलून तिने खाली ठेवली, पदराने बाक पुसला. "धोंडूभाऊ, बसा." मग सानवीपुढे उभी राहिली. "बाय माझे, त्या दिवशीची पाटी माझी. मला ठाऊक नव्हतं गो. वर्षभर तुझ्या घरी कोळंबी घालतेय आणि मला ठाऊक नव्हतं. चुकलं माझं."

सानवीचे डोळे भरून आले. "मावशी, सांगायला येणार होते... भांडण होईल असं वाटलं."

पाऊस जरा हलका झाला. गंगाकाकी इतका वेळ भिंतीला टेकून बघत होत्या. कडक बाई, हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं. "काकी, या भिंतीमागचं तुमचं कातळ..."

"स्वरूपाने सांगितलंय मला." त्या आईकडे वळल्या. "गुणवंती, इतकी वर्षं माझ्या दारात येतेस. मला का नाय विचारलंस कधी?"

"वैनी, तुम्ही त्यांच्याकडच्या," आई म्हणाली. "कसं विचारणार?"

"आणि तू त्यांच्याकडची, म्हणून मी पण नाय विचारलं," काकी म्हणाल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवला. "निवडून कोणीही येवो. जागा मी पंचायतीला लिहून देते. पण माशाचं पाणी माझ्या कलमांत येता नये. गटार पक्कं हवं, चिऱ्याचं."

"पक्कं बांधू," आई म्हणाली. तिचं आयुष्यातलं पहिलं भाषण, दोन शब्दांचं.

पाच वाजायच्या आत दोन्ही पत्रकांवर एकच ओळ आली, मागच्या दुसऱ्या शेडची. छत्रीच्याही आणि कपबशीच्याही. बाळाकाका डोक्याला हात लावून म्हणत होते, "आता लोकांनी मत द्यायचं कशावरून?"

मतमोजणीला आम्ही रत्नागिरीत तहसीलच्या आवारात उन्हात उभे. निकाल आला. आई तीन मतांनी पडली.

तीन! मला रडूच कोसळलं. स्वरूप जवळ आला तर मी त्याच्यावरच उखडले. "तुझंच ऐकून झालं हे! आता बघ, जिंकल्यावर कोण देतंय जागा!"  समजूत घालायला एक शब्द नाही. तो नुसता माझ्या शेजारी उन्हात उभा राहिला, माझं रडून होईपर्यंत. खरं सांगते, तेव्हाच मी त्याच्या प्रेमात पडले. हरलेली, नाक लाल झालेली, भर कचेरीच्या आवारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाटी घेऊन तिठ्यावर निघाली तेव्हा माझे पाय उचलत नव्हते. काय काय ऐकावं लागेल? पण शेडमागून आवाज येत होते. जाऊन बघते तर गंगाकाकी! कपाळावर कालचा गुलाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात दोरी. दोरीचं दुसरं टोक स्वरूपच्या हातात.

"ये गुणवंती," काकी ओरडल्या. "तुला किती हात जागा लागते ते तूच सांग. मी काय, मासे खाणारी बाई."

आई जागच्या जागी उभी. काकी जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ऐक. माझं स्वतःचं मत मी तुला दिलं होतं. तू उठून त्या पोरीपुढे उभी राहिलीस ना, तेव्हाच ठरवलं."

आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडतेय. पण ती हसत होती, खांदे हलेपर्यंत. "अगो वैनी... मी पण माझं तुम्हालाच दिलं! म्हटलं, शब्द दिलेली बाई निवडून यायला नको?"

आणि गंगाकाकी हसल्या. वरच्यावाडीने पहिल्यांदा बघितलं ते. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून अशा हसत होत्या की रस्त्यावरची माणसं थांबली, बाळाकाकासुद्धा. नारळ फुटला, पाणी कातळावर सांडलं, धोंडूकाकांनी बाकावरून टाळ्या वाजवल्या.

शिमगा आटोपला आणि पाठीला पाठ लावून दुसरी शेड उभी राहिली. चिऱ्याचं गटार, पाण्याचा नळ, वर पत्रा. उद्घाटनाला रिबन सानवीने कापली, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, आईनेच तिला पुढे केलं. आईची जागा आता नळाच्या बाजूला, पहिली. दोन हातांची चार हातांची झाली.

गर्दी जरा कमी झाली आणि स्वरूप माझ्याजवळ आला. खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. त्याच्या यादीतलं ते पान, मी परत दिलेलं.

"हे वाचलं होतंस ना?"

"कुठलं?" मी भोळेपणाचा आव आणला.

"मत मिळणार नाही. तरी एकदा बोलायचंय."  झेरॉक्सच्या दुकानातला तो रुबाब कुठे गेला होता कोण जाणे. "मी दोन वर्षं तुला तिठ्यावर बघत होतो. आईची पाटी उतरवून मग गाडी पकडायचीस, रोज पळत. बोलायचं होतं, पण... म्हणजे... आता बोलू?"

"इतके महिने काय मौनव्रत होतं?"

"रुचिरा!"

मी त्याच्या खिशातलं पेन काढलं. भिंतीवर कागद टेकवला आणि पहिले तीन शब्द खोडले. मत मिळणार नाही, यावर अशी रेघ ओढली की कागद फाटायचा बाकी राहिला. उरलेल्या ओळीखाली मी लिहिलं, "बोल. उत्तर हो आहे."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्या वेड्याने काय करावं? माझा हात धरला, भर तिठ्यावर, दोन्ही शेडी मिळतात तिथे, दोन्ही पॅनेलांसमोर! मी सोडवून घेतला नाही.

"रुचिरा!" पलीकडून आईची हाक आली. "वरच्यावाडीत बोंबील दोन वाटे द्यायचेत. तू नेतेस की तो नेतो?"

गंगाकाकी नळावर हात धूत होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, "दोघांनाही पाठव गो. घर दोघांचंच व्हायचंय."